आम्ही जिला देवी समजलो

मला लिहिता येत नाय. शाळेत मी गेलो होतो, पण शाळेला आमच्या शेळ्या आवडल्या नाहीत आन् शेळ्यांना शाळा. मी शेळ्यांच्या बाजूनं गेलो. आता हर्सूलला राहतो, पाण्याचा टँकर चालवतो. हे मी बोलायलोय आन् माझी बायको सविता लिहायलीय. ती बारावी झालेली. तिला म्हणलं, जसं बोलतो तसंच लिही, सुधारू नको. ती म्हणली, "सुधारायसारखं असतं तर लग्न झालं तवाच सुधारलं असतं."

कातडीच्या डॉक्टर मॅडमनं सांगितलं म्हणून बोलायलोय. त्या म्हणल्या, "गोरखभाऊ, तुमच्या घरी झालं ते बऱ्याच घरांत होतं. आम्ही सांगितलं की लोक नुसती मान हलवतात. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील." म्हणलं, मॅडम, मान हलवण्यात तर मीच पहिल्या नंबरचा.

तर ऐका.

गळकी टाकी

माझी लेक कार्तिकी. आम्ही कार्ती म्हणतो. चार वर्षांची. रांगायला लागली तवापासून तिला खाज. आधी गाल लाल, मग कोपराच्या आतून, गुडघ्याच्या मागून. खाजवून खाजवून सकाळी चादरीला रक्ताचे ठिपके. जो भेटंल तो इलाज सांगायचा. हळद लावली, खोबऱ्याचं तेल लावलं, मेडिकलवाल्यानं दिली ती ट्यूब लावली. दोन दिवस बरं वाटायचं, मग दुप्पट. मी तर एकदा शेळीच्या खरजेचं औषध घेऊन आलो होतो. म्हणलं जनावराला गुण येतो तर लेकराला कामून नाय येणार? सवितानं बाटली हातात घेतली आन् म्हणली, "आधी तुमच्या अंगावर ओतते. गुण आला तर बघू."

मग कुणीतरी गारखेड्याच्या मॅडमचं सांगितलं. लहान लेकरांच्या कातडीचा वेगळा डॉक्टर असतो हे मला मालूमच नव्हतं. मला वाटायचं कातडी ती कातडी. मॅडमनं कार्तीला मांडीवर घेऊन नखापासून कानापर्यंत बघितलं आन् म्हणल्या, "एक्झिमा आहे. हिची कातडी ओलावा धरून ठेवत नाही. आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरची घाण आत येते."

म्हणलं, "म्हणजे टाकी गळायलीय."

"हो. आणि गळकी टाकी बदलता येत नाही."

"मग रोज वेल्डिंग."

"रोज वेल्डिंग," मॅडम म्हणल्या. कोमट पाण्यानं पटकन आंघोळ, अंग ओलसर असतानाच सगळीकडं जाड क्रीम, आन् लाल झालंय तिथं औषधाची ट्यूब, सांगितले तेवढेच दिवस. एवढंच. वर्षभर आम्ही ते केलं आन् लेकरू झोपायला लागलं. बरा होणारा आजार नाय म्हणल्या, पण ताब्यात राहतो, मोठी होईल तसा कमी होईल.

आन् एक गोष्ट त्यांनी बोट दाखवून सांगितली. "ताप आला आणि अंगावर पाण्याचे फोड एकदम उठले, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी यायचं."

मी मान हलवली. त्या टायमाला माझं ध्यान खिडकीतून खाली होतं. टँकर मी कुणाच्या तरी गेटसमोर लावला होता आन् तो माणूस हात हलवून शिव्या द्यायला लागला होता. सविताचं ध्यान मात्र मॅडमकडं होतं.

पाहुणी

उन्हाळा लागला होता. टँकरवाल्याला उन्हाळ्यात मरायला बी टाइम नसतो. मी नुकताच तापातून उठून कामाला लागलो होतो. एक दिवस सकाळी कार्ती उठली तीच रडत. अंग तव्यावाणी गरम. डाव्या गालावर बारीक बारीक पाण्याचे फोड, घोळक्यानं. काही मानेवर, काही कोपरात. एक-दोन पापणीपाशी.

माझी माय चूल सोडून आली, वाकून बघितलं आन् दोन पावलं मागं सरून हात जोडले.

"आईसाहेब आल्यात," माय म्हणली. "कुणी वरच्या आवाजात बोलायचं नाय."

आमच्याकडं लेकराला ताप येऊन अंगावर फोड उठले, मग तो गोवर असू द्या नायतर कांजण्या, की देवी आली म्हणतेत. ती पाहुणी असती. लेकराच्या अंगात राहायला येती आन् मन भरलं की जाती. तोवर घरात फोडणी द्यायची नाय, तळण नाय, बापानं दाढी करायची नाय. लेकराला आंघोळ नाय. दवा नाय, कारण दवा दिली की देवीला वाटतं हे लोक आपल्याला हाकलायलेत. दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, म्हणजे बाहेरच्यानं समजून घ्यायचं आन् उंबऱ्याच्या आत यायचं नाय.

सविता म्हणली, "आत्या, मॅडमनं सांगितलं होतं, असे फोड आले तर त्याच दिवशी आणा."

"मॅडमला देवीचं काय म्हाईत?"

"फोन तर करू."

"देवी अंगावर असताना सुई टोचली तर कोपती ती. मी बघितलंय माझ्या डोळ्यानं." माय एवढंच बोलली. काय बघितलं ते काही सांगितलं नाय.

मग दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. घरात असा टाइम आला की मी एकच गोष्ट करतो. चहा मागतो. म्हणलं, "सविता, चहा ठेव. आजचा दिवस बघू."

सवितानं माझ्याकडं एकदा बघितलं आन् चहा ठेवला. क्रीमचा डबा आन् ट्यूब मीच उचलून माळ्यावर ठेवली. मायनं सांगितलंसुद्धा नव्हतं. माझा हात लांब आहे ना, माळ्याला पुरतो.

दुपारी मी शहागंजच्या बाजारात जाऊन खण, नारळ आन् हिरव्या बांगड्या घेऊन आलो. सगळ्या हर्सूलला पाणी वाटणारा माणूस, आन् लेकराला आंघोळीचं पाणी बंद. पण तवा हे काही सुचलं नाय. उलट जरा मजाच वाटायला लागली. देवी असल्यामुळं कार्तीला अहो-जाहो करायचं. मी हात जोडून विचारलं, "आई, काय पाहिजे तुम्हाला?"

कार्तीनं आजीकडं बघितलं, आईकडं बघितलं. लेकराला कळलं की आज बापाचं काही चालत नाय.

"पोंगे पाहिजेत."

दुकानातनं कुरकुरीत पोंग्यांची पुडी आणली.

"पप्पा, घोडा व्हा."

घोडा झालो. तापलेली देवी पाठीवर घेऊन घरभर रांगलो. शेजारीण दाराबाहेरून लिंबाच्या आडून बघायली आन् हसायली. मी खिंकाळून दाखवलं.

संध्याकाळी विचारलं, "आई, अजून काही?" ती काही बोलली नाय. पोंग्याची पुडी तशीच हातात. मी घोडा होऊन समोर उभा, आन् देवी भिंतीकडं तोंड करून पडलेली.

तवा मी तिच्या कपाळाला हात लावला, सकाळपेक्षा जास्त गरम. तरी माळ्यावरचा डबा काही मी खाली काढला नाय.

डोळा

दुसऱ्या दिवशी तिचा डावा डोळा उघडंना. पापणी सुजून लिंबाएवढी. गालावरचे फोड फुटले होते आन् त्यांची गोल गोल भोकं झाली होती, कागदाला पंचनं पाडावी तशी, सगळी एका मापाची. कांजण्या मी बघितल्यात. त्या अशा नसतात. दार उघडलं की उजेडानं किंचाळायची.

माय देव्हाऱ्यापुढं बसली होती. मग ती बोलली. तिच्या लहानपणी, खरी मोठी देवी होती तवा, तिच्या धाकट्या भावाला आली होती. तो वाचला, पण डोळा गेला.

"डोळा मागायलीय ती," माय म्हणली. "आपल्याकडून काहीतरी चुकलंय. कुणी फोडणी दिली का? गोरख्या, तू बाहेर वडे खाल्ले का?"

वडे मी खाल्ले होते. खोटं कशाला बोलू. आन् लाज वाटती सांगायला, पण त्या घडीला मला खरंच वाटलं की माझ्या वड्यापायी लेकराचा डोळा चाललाय.

सविता उठली. मला वाटलं आता भांडण होणार. ती आत्याशी भांडली नाय, माझ्याकडं तर बघितलंसुद्धा नाय. ती कार्तीपुढं मांडी घालून बसली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आन् म्हणली, "आई, तुम्ही आमच्या घरी आल्यात. तुम्ही म्हणाल तसं करू. तुम्हाला इथं राहायचं का मॅडमकडं जायचं?"

माय देव्हाऱ्यापुढून वळून कार्तीकडं बघायला लागली.

कार्ती एका डोळ्यानं आईकडं बघत म्हणली, "मॅडमकडं. डोळा दुखायलाय."

सविता मायकडं वळली. "आत्या, ऐकलं ना?"

माय काय बोलणार? देवीचा हुकूम. तिनं मान खाली घातली आन् मग एकदम माझ्यावरच खेकसली, "उभा काय राहिला खांबासारखा? गाडी काढ!"

सविताची अक्कल मी तवा बघितली. बारा वर्षं शाळेत जाऊन काय शिकतेत ते मला त्या दिवशी कळलं. (हे शाळेत शिकवत नाहीत. — सविता)

रिक्षा बोलावली. रिक्षावाला गल्लीत आला, दारावरचा लिंब बघितला, हात जोडले आन् आला तसा वळला. मोटारसायकलवर न्यावं तर ऊन. राहिला टँकर. तो सकाळीच भरून उभा होता. केबिनच्या काचांना चादरी बांधल्या, आन् निघालो हर्सूलहून गारखेड्याला, सगळं शहर ओलांडून, मागं पाणी डचमळायलेलं.

गडबडीत मागची तोटी नीट बंद आहे का ते बघितलंच नाय. सिग्नलला लोक ओरडायले, "ओ टँकरवाले, पानी जा रहा है! आमच्याकडं आठवड्यानं येतं आन् तुम्ही रस्त्यावर सोडता व्हय?" एक बाई हंडा घेऊन मागं पळाली. मी थांबलो नाय. आरशात बघितलं तर रस्त्यानं ओला पट्टा येत होता मागं मागं. कार्ती सविताच्या मांडीवर पडून होती आन् तिला उचकी लागली होती. उचकी थांबली की माझा जीव थांबायचा.

मॅडम माझ्या तोंडाकडं बघतात

मॅडम कुणाचं तरी लेकरू तपासत होत्या. दारातून त्यांची नजर कार्तीच्या गालावर पडली आन् त्या उठल्याच. बाकीच्यांना म्हणल्या, "दोन मिनिटं." आमचा नंबर कुणी विचारला नाय. दवाखान्यात लवकर नंबर लागला की माणसानं भ्यावं, हे मी त्या दिवशी शिकलो.

"कधीपासून?"

"कालपासून," सविता म्हणली.

"काल का नाही आलात?"

मी म्हणलं, "मॅडम, देवी आली म्हणून..."

"ही देवी नाही. कांजण्यापण नाहीत." त्या फोडांवर बॅटरी धरून बघत होत्या. "घरात कुणाच्या ओठावर फोड आला होता का? ताप येऊन गेल्यावर येतो तसा?"

मी मान हलवली, नाय म्हणून. मान हलवायची सवय. मॅडमनं वर बघितलं आन् माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मला वाटलं पुडीचा वास आला. म्हणलं, "मॅडम, शप्पथ, गुटखा सोडलाय मी. पाडव्यापासून."

"मास्क खाली... नाही, तुम्ही मास्क लावलेलाच नाही. मिशी जरा वर करा."

मिशी वर केली. ओठाच्या कोपऱ्याला खपली होती. ताप गेला तवा तिथं फोड आला होता. माय म्हणली होती, कोळी मुतला असंल. आमच्याकडं तसंच म्हणतेत. मी बी चार लोकांत सांगत फिरलो, कोळ्याला माझ्या तोंडापेक्षा चांगली मोरी भेटली नाय. सगळे हसले. आन् घरी येऊन रोजच्यासारखं कार्तीचे मुके घेतले. डाव्या गालावर, कारण ती माझ्या डाव्या खांद्यावर... जाऊ द्या.

मॅडमनं सांगितलं, ते मला कळलं तसं सांगतो. ओठावरच्या त्या फोडात एक विषाणू असतो. मोठ्या माणसाला चार दिवस झोंबतो आन् जातो. पण ज्या लेकराला एक्झिमा आहे त्याच्या कातडीला तो शिरायला वाटच वाट. एका गालावरनं सगळ्या अंगावर. आन् डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकती. जेवढा उशीर तेवढा धोका. त्यात आम्ही क्रीम बंद केलेली, आंघोळ बंद केलेली, म्हणजे वाट अजून मोठी करून दिलेली.

सविता माझ्याकडं बघायली होती. रागानं असती तर बरं झालं असतं.

मी म्हणलं, "म्हणजे मॅडम, काल दिवसभर मी ज्या देवीपुढं हात जोडले, ती माझ्याच तोंडातून गेली होती?"

कुणी हसलं नाय. मला पण हसू आलं नाय. तो विनोद नव्हताच.

"मुद्दाम कुणी करत नाही," मॅडम म्हणल्या. "आता बोलत बसू नका. लगेच ॲडमिट करायचंय. औषध सलाईनमधून द्यावं लागेल. आणि डोळ्याचे डॉक्टर आजच बघतील."

वॉर्ड

सुई टोचताना तिला धरायला मला सांगितलं. मी बाहेर पळालो. सवितानं धरलं. हे बी लिहून ठेव म्हणलं तिला.

डोळ्याचे डॉक्टर आले. उजेडात डोळा उघडवेना तर दिवे बंद केले, पापणी हळूच वर केली, डोळ्यात पिवळं औषध टाकलं आन् निळ्या दिव्याखाली बघितलं. लई वेळ बघितलं. कार्ती नुसती हुंदके द्यायची. डॉक्टर म्हणले, "बुबुळावर जखम आहे. झाडाची फांदी असते ना, तशी. कडेला आहे. मधे सरकली नाही तर चांगलं."

"आन् सरकली तर?"

"औषध चालू आहे. बघू."

बघू. कालचा माझाच शब्द. दुसऱ्याच्या तोंडातून ऐकल्यावर कळतं तो कसा लागतो ते.

वॉर्डात दिवस घड्याळावर चालत नाय, सलाईनवर चालतो. बाटली लावली, बाटली संपली, नर्स आली. डोळ्यात थेंब. अंगावर ओल्या मऊ कापडाच्या पट्ट्या. खाजवू नये म्हणून हाताला पिशव्या बांधलेल्या, तिला त्या बॉक्सरच्या हातमोज्यांसारख्या वाटायच्या, त्यानं मला मारायची. मी मार खायचो. मला मास्क लावून बसवलं होतं आन् खपली पडेपर्यंत जवळ घ्यायचं नाय असं सांगितलं होतं. कार्ती नर्सला म्हणायची, "पप्पा चोर झालेत."

सविता माझ्याशी बोलत नव्हती. काही लागलं की नर्सला सांगायची आन् नर्स मला. एकाच पलंगाच्या दोन बाजूला आम्ही. मी दोन-तीन विनोद करून बघितले. शेजारच्या पलंगावरची बाई हसली, सविता नाय.

मग एकदा कार्तीला झोप लागल्यावर ती आपणहून बोलली. "तुमचा राग आला नाय मला. माझाच आलाय."

"तुझा कशापायी?"

"मला म्हाईत होतं. मॅडमनं सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. तुम्ही म्हणलात चहा ठेव, आन् मी ठेवला." तिनं कार्तीच्या अंगावरची चादर नीट केली. "तुम्ही हसवता ना, तवा माणसाला वाटतं एवढं काही नसंल. तुमचं हसवणं लई महागात पडतं कधी कधी."

मी उठलो आन् तिच्यासाठी खालून चहा घेऊन आलो. लग्नाला सहा वर्षं झाली, पहिल्यांदाच.

माय रोज टँकरवरच्या माझ्या जोडीदारासोबत यायची. वॉर्डाच्या दारात उभी राहायची, आत यायची नाय. मॅडम राउंडला आल्या तर तिनं त्यांचा हात धरला. "डॉक्टरीणबाई, माझ्या भावाला तवा मोठी देवी आली होती. डोळा गेला त्याचा. घरात फोडणी दिली होती म्हणून गेला का?"

मॅडम घाईत होत्या, पण थांबल्या. "नाही आजी. तो आजारच तसा होता. आता तो जगातून गेलाय, लसीनं. फोडणीनं कुणाचा डोळा जात नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

माय म्हणली, "मी दिली होती. मिरचीची. आठ वर्षांची होते मी."

एवढ्या वर्षांत हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मॅडमनं तिला आत आणून कार्तीच्या पायथ्याला बसवलं. त्या दिवशी नर्सनं कार्तीला कोमट पाण्यानं पुसलं, क्रीम लावलं, आन् तिच्या पायाला क्रीम लावायचं काम मायनं मागून घेतलं. सगळा डबा संपवला असता.

जे सांगायचं कबूल केलंय ते

मॅडमला वचन दिलंय म्हणून हे सांगतो. लेकराला एक्झिमा असंल आन् ताप येऊन एकसारख्या मापाचे फोड घोळक्यानं उठले, आन् दुखायले असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरकडं. लिंब बांधायचा तर बांधा, पण बांधून निघा. कुणाच्या बी ओठावर फोड असंल तर तो जाईपर्यंत लेकराचा मुका घ्यायचा नाय, टॉवेल आन् पेला वेगळा. रोजचं क्रीम कुणाच्या सांगण्यावरून बंद करायचं नाय, आन् बंद करायचं वाटलं तर मॅडमला विचारा, टँकरवाल्याला विचारू नका. आन् मेडिकलमधून आपल्या मनानं ट्यूब आणू नका. शेळीच्या दुकानातून तर नायच नाय.

कार्तीची कातडी भरून आली. डाग राहिलेत, फिके होतील म्हणतेत. पण डोळ्याचं मी मुद्दाम मागं ठेवलंय.

बदक

घरी सोडायच्या आधी डोळ्याच्या डॉक्टरांनी नजर तपासायला बोलावलं. तोवर खपली पडून माझा मास्क निघाला होता. जखम भरली होती. पण दिसतंय किती ते कळायचं होतं. सूज उतरल्यापासून कार्ती डावा डोळा किलकिला करायची आन् काही विचारलं की मान फिरवायची. आम्हाला काही ठरवता येईना. सवितानं तर विचारायचंच सोडलं होतं. भीती वाटायची उत्तराची.

लांबडी खोली. एका टोकाला खुर्ची, तिच्यात सविताच्या मांडीवर कार्ती. दुसऱ्या टोकाला भिंतीवर चित्रांचा तक्ता. घर, छत्री, बदक, वर मोठी आन् खाली खाली बारीक. डॉक्टर म्हणले, "ती मला घाबरते. वडिलांनी तिथं उभं राहून चित्रावर काडी ठेवा." मला बी बरं वाटलं, अक्षरं नव्हती ते.

उजव्या डोळ्यावर पट्टी लावली. चांगला डोळा बंद. आता फक्त डावा.

मी छत्रीवर काडी ठेवली. "काय आहे कार्ती?"

गप.

बदकावर ठेवली. गप. डॉक्टरांनी खूण केली, अजून वर. मी सगळ्यात मोठ्या घरावर काडी ठेवली. एवढं मोठं घर आंधळ्याला बी दिसंल असं.

"कार्ती, सांग ना गं."

काहीच नाय. ती समोर बघत होती, माझ्याकडं तोंड होतं, पण मला त्या डोळ्यात काही कळंना. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. सविताचे ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं झालं. माझ्या ओठानं नेला हिचा डोळा. काडी घरावर आहे का बदकावर तेच मला दिसंना.

कार्ती म्हणली, "पप्पाच्या मिशीवर शेंबूड आलाय."

मी हात वर नेला पुसायला.

"थांबा!" डॉक्टर ओरडले. "पुसू नका!" मग तिच्याकडं वाकले. "कुठल्या बाजूला गं?"

कार्तीनं पिशवी काढलेलं बोट वर केलं. "त्या. खिडकीच्या."

डॉक्टर उठून खोलीच्या मधोमध आले, माझ्याकडं निरखून बघितलं. खिडकीची बाजूच होती. ते परत गेले, तिची पट्टी नीट बसलीय का ते दोनदा चाचपलं. "मग बदक का नाही सांगितलंस?"

"तुम्ही डोळ्यात औषध टाकता," कार्ती म्हणली. "मी तुमच्याशी नाही बोलणार."

"बरं. माझ्याशी नको बोलू. आईला सांग. अजून काय दिसतंय?"

"पप्पाचं एक बटन तुटलंय. आन् ते रडायलेत."

सविता हसली. त्या दिवसापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, पदर तोंडावर घेऊन. डॉक्टरांनी मला खूण केली, अजून हलू नका म्हणून. मी हललो नाय. भिंतीला टेकून तसाच उभा राहिलो, बदकाच्या शेजारी.